निळ्या सैन्याची शरणागती

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल मेलेला शिपाई आज आपल्या जागेवर ताठ उभा सापडला, तर त्याला मेलेला धरायचं की जिवंत? मी घरातली पहिली पदवीधर, तीही राज्यशास्त्राची, आणि मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. तू लिहून ठेवलेले नियम मी पुन्हा पुन्हा वाचले. शिपाई मरतो कसा, ते त्यात आहे. मेल्यावर उठला तर काय करायचं, ते नाही.

तू पुलाच्या कामावर परत गेलास आणि लेकीबरोबर मांडलेली अर्धी लढाई माझ्या गळ्यात टाकून गेलास. जाताना किती सहज म्हणालास, की मी पत्रातून चाली कळवीन, तू फक्त माझे निळे शिपाई हलवायचे आणि भांडण झालं तर न्याय द्यायचा. फक्त! बाहेरच्या खोलीतलं टेबल त्या दिवसापासून रणांगण झालंय. त्यावरची हिरवी चादर कुणी हलवायची नाही. चादरीखाली डोंगर म्हणून माझी पुस्तकं आहेत. आंतरराष्ट्रीय संबंधांचा जाडजूड ग्रंथ म्हणजे उत्तरेची टेकडी, आणि तिच्यावर तुझा झेंडा आणि निळा सेनापती. मी शाळेतल्या मुलांच्या वह्या मांडीवर घेऊन तपासते. वहिनी, भिंगरी आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी जेवतो, कारण टेबलावर युद्ध चालू आहे.

मुलांच्या हाती लढाईचे खेळ देऊ नयेत हे माझं मत तुला ठाऊक आहे. तरी मी हो म्हटलं. म्हटलं, खेळायचाच तर भिंगरी नियमाने खेळेल, हरणं-जिंकणं पचवायला शिकेल. सहा वर्षांच्या मुलीला एवढं जमायला हरकत नाही. आणि तू बोल्टचं धड, नटाचं डोकं आणि वायसरची टोपी जोडून केलेले ते शिपाई इतके सुबक आहेत, की माझ्यासारखीलाही एखादा उचलून बघावासा वाटतो.

तर झालं असं. रविवारी तिच्या लाल तोफेने तुझे तीन निळे शिपाई मारले. मी ते बुटांच्या खोक्याच्या झाकणात आडवे निजवले. सोमवारी शाळेतून आले तर तिघंही ओढ्याकाठी उभे! आधी वाटलं, धूळ पुसताना वहिनीने ठेवले असतील. तिला विचारलं तर हातातली कात्री खाली न ठेवता म्हणाली, की कारखान्यात दिवसभर ढिगाने कापड बेतून येते मी, तुझे शिपाई तू सांभाळ. मग भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, ते मेले नव्हते, झोपले होते. मी म्हटलं, तोफेचा गोळा लागल्यावर कुणी झोपत नसतं. तर म्हणते, दमल्यावर झोपतात, बाबा पण कामावरून आला की असाच आडवा पडायचा. आता यावर मी काय न्याय देणार?

दुसरी कटकट वितीची. तुझा नियम, पायदळाने एक वीत चालायचं, घोडेस्वारांनी दोन. पण वीत कुणाची? मी माझ्या हाताने तुझे शिपाई हलवले, तर भिंगरीने हरकत घेतली. निळे बाबाचे, तर वीतही बाबाचीच पाहिजे. बाबाचा हात इथे नाही म्हटलं, तर हाताची घडी घालून बसून राहिली. लढाई तिथेच अडली आहे. काय ते लवकर कळव.

वहिनी बरी आहे. घरातले सगळे अर्ज, बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्या पूर्वीसारख्याच माझ्याकडे वाचायला येतात. आता त्यात तुझ्या चालींची भर.

माया पातळ होऊ देऊ नकोस, मी कितीही चिडून लिहिलं तरी.

तुझी,
धाकटी

२५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा भाऊ म्हणून आणि एकदा आरोपी म्हणून. मास्तरीणबाई, तुम्ही लिहिता तेव्हा मला उगाच वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटतं.

मेलेले शिपाई उठले तर उठू देत की. नटबोल्टच आहेत, पुन्हा आवळले की झाले जिवंत. पण तुला ते पटणार नाही, म्हणून न्याय असा: या वेळी ते वाचले, पुढच्या वेळी मेले ते मेले. वाचून दाखव तिला.

वितीची व्यवस्था केली आहे. सोबतचा कागद बघ. त्यावर माझा हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आहे. फिरवली म्हणजे माझ्या खोलीतल्या क्रेनवाल्याने फिरवली, आणि मला गुदगुल्या होत होत्या, म्हणून करंगळीपाशी रेघ हलली आहे. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ही एक अधिकृत वीत. आता तरी युद्ध सुरू करा.

मी इथे खोलीच्या फरशीवर खडूने तेच रणांगण काढलंय. शिपाई म्हणून बाटल्यांची बुचं. क्रेनवाला रोज उंचावर बसून काम करतो, त्यामुळे त्याला वाटतं वरून बघितलं की सगळं कळतं. तो म्हणतो, तुझ्या निळ्यांचा सेनापती मूर्ख आहे. मी म्हटलं, सेनापती मीच आहे. तो म्हणाला, तेच म्हणतोय मी.

माझी चाल: डावीकडच्या सगळ्या घोडेस्वारांनी टेकडी सोडून सरळ पुढे जायचं, लाल तोफांच्या समोर. हो, समोर. तू वाचताना चष्मा वर करशील, पण लिहिलंय ते बरोबर आहे.

आणि ही लढाई फार लांबवू नका. मार्च संपायच्या आत ती जिंकायला हवी. म्हणजे कुणीतरी जिंकायला हवं. मग मला घरी एक-दोन गोष्टी कळवायच्या आहेत, त्या सावकाश कळवीन.

इकडे वारा फार आहे, वेल्डिंगची ठिणगी सरळ पडत नाही. बाकी ठीक. भिंगरीचा गालगुच्चा माझ्याकडून घे आणि तुझ्या वहिनीला सांग की डोकेदुखीवरचं औषध पोचलं.

रागावलीस तरी लिहीत जा, इतकंच मागणं.

दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा हात पोचला. भिंगरीने तो कात्रीने कापून पुठ्ठ्यावर चिकटवला आणि आता निळे शिपाई त्यानेच मोजले जातात. लाल शिपाई मात्र ती स्वतःच्या वितीने मोजते. तिची वीत ती केवढी! परिणाम काय, तर तुझे घोडेस्वार एका चालीत अर्धं टेबल ओलांडतात आणि तिचे बिचारे मुंगीच्या पावलाने चालतात. मी म्हटलं, न्यायाने दोघांचं माप एकच असायला हवं. ती म्हणाली, बाबा मोठा आहे, मी लहान आहे, एकच कसं असेल? मी वर्गात मुलांना समता शिकवते, दादा, आणि घरी मला एका पुठ्ठ्याच्या पंजाने गप्प केलं.

पण ते सोड. आता मी तुझी चाल तिला वाचून दाखवली तेव्हाचं ऐक. तुझे सगळे घोडेस्वार तिच्या तोफांसमोर ओळीने येऊन उभे. इतकी सोपी शिकार कुणाला मिळायची नाही. फाशावर पाच किंवा सहा पडला की गोळा लागला. तिने फासा टाकला. सहा! मी पहिला घोडेस्वार उचलायला हात पुढे केला, तर म्हणाली, फासा टेबलाच्या कडेला टेकला होता, हा धरायचा नाही. पुन्हा टाकला. पाच. तर म्हणे मी शिंकले, शिंकेचा धरत नाहीत. अशी ती टाकत राहिली, आणि दोन पडला तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाली, चुकला गोळा! मी ठणकावून सांगितलं की मी न्यायाधीश आहे आणि पहिला सहाच धरणार. तिने फासा तोंडात टाकला आणि ओठ घट्ट मिटून बसली. गिळते की काय म्हणून मी तिच्या पाठीवर थापट्या मारत होते, तेवढ्यात वहिनी कामावरून आली. तिला वाटलं, मी पोरीला मारतेय. मग मलाच ऐकून घ्यावं लागलं.

त्यानंतर मी नीट बसून विचार केला. झाकणातून उठले ते शिपाई निळे होते. लांब वीत मिळाली ती निळ्यांना. नाकारला गेलेला फासा होता निळ्यांना मारणारा. म्हणजे ही मुलगी फसवते आहे, पण तुझ्या फायद्यासाठी! आणि तू? तूही भलत्याच चाली करतोयस. तोफेच्या तोंडी घोडेस्वार कोण पाठवतं? मी लढाईतली जाणकार नव्हे, पण एवढं मलाही कळतं. तू हरायला बघतोयस आणि ती तुला हरू देत नाही. एकमेकांना जिंकवायला दोघंही लबाडी करताहात आणि मधे मी न्याय करत बसले आहे! जगात माझ्याइतका वेंधळा न्यायाधीश दुसरा नसेल.

शेवटी मी तह सुचवला. मला वाटलं, ही खरी शिकवण. दोन्ही सैन्यांनी मागे हटायचं, ओढा दोघांचा, झेंडे आपापल्या टेकडीवर. मी कागदावर तहाची कलमंसुद्धा लिहिली. भिंगरीने लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, तह झाला की पुढे काय होतं? मी म्हटलं, मग लढाई संपते आणि सगळे आपापल्या घरी जातात. तिने माझा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला मांजर काढलं. तह नामंजूर.

खरं काय आहे ते सांग. तुला हरायची एवढी घाई कशासाठी? आणि त्या कळवायच्या एक-दोन गोष्टी कोणत्या?

राग आहेच, पण तो जवळच्या माणसावरचा आहे, हे ध्यानात असू दे.

धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

पकडलंस. क्रेनवाल्याने आधीच सांगितलं होतं, की तुझी बहीण शिकलेली आहे, दोन चालींत ओळखेल.

गोष्ट अशी. हा पूल उन्हाळ्यात पुरा होतो, आणि मी भिंगरीला सांगून आलो होतो की पूल झाला की मी घरी. पण इथून पुढे वरच्या अंगाला दुसरा पूल घेतलाय. तिथे मला वेल्डिंगवरचा मुकादम करताहेत. दोन वर्षं. मी सही केली. तुझ्या वहिनीला मागच्या महिन्यात कळवलं. तिने फार काही लिहिलं नाही, फक्त लिहिलं की पोरीला तूच सांग. मी तिला म्हटलं, थोडं थांब, धाकटीलाही इतक्यात बोलू नकोस, ती लगेच शाळेतल्यासारखं समजावून सांगायला बसेल. चुकलं असेल तर माफ कर.

माझा बेत असा होता, की भिंगरीने आधी लढाई जिंकावी. माझं सगळं सैन्य मारून, झेंडा काढून, घरभर नाचावी. तू तिला शाबासकी द्यावीस, आईने जवळ घ्यावं. आणि मग त्या आनंदात, हळूच, कुणीतरी सांगावं. जिंकलेल्या माणसाला वाईट बातमी जरा कमी लागते, असं मला वाटतं. इथे ज्या दिवशी खांब सरळ बसतो, त्या दिवशी साहेबाच्या शिव्यासुद्धा गोड लागतात.

आता ती मला मारतच नाही म्हटल्यावर काय करू? लहानपणापासून तशीच आहे. पळायच्या शर्यतीत मी मुद्दाम मागे राहिलो, तर तीही थांबायची. मी समजायचो की दमली.

तूच काहीतरी कर. फासा जरा सांभाळून टाकायला लाव. पुढची चाल: पायदळाने टेकडी सोडून ओढ्यात उतरायचं. झेंड्यापाशी कुणी थांबायचं नाही.

आणि तिला एवढ्यात काही सांगू नकोस. तुला माझी शपथ वगैरे घालत नाही, तू मानत नाहीस. नुसतं सांगतो.

तुझ्या जिव्हाळ्याच्या भरवशावर इथे बसलो आहे.

दादा

२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी वहिनीकडे गेले. तिने कणभरही नवल दाखवलं नाही. कापडाला टाचण्या लावत म्हणाली, बरं झालं कळलं, माझ्याने रोज गिळवत नव्हतं. एका घरात राहून ही गोष्ट तिच्या पोटात, माझ्यापासून लपवलेली, कारण मी समजावून सांगायला बसेन! बसलेही असते, कबूल. पण म्हणून तुम्ही दोघांनी मला निळे शिपाई पुढे-मागे सरकवायला लावायचं? मी ते किती मन लावून करत होते, दादा. पुठ्ठ्याची वीत चादरीवर सपाट बसावी म्हणून मी सुरकुत्या काढायचे.

आता भिंगरीचं ऐक. गेल्या रविवारी तुझा फोन आला. नेहमीसारखा. तुझ्यामागे रांग, इथे वहिनीच्या हातात पातेलं. तू तिला विचारलंस, जेवलीस का, शाळेत जातेस का. ती हो म्हणाली, पुन्हा हो म्हणाली आणि फोन आईच्या हातात देऊन टेबलाखाली जाऊन बसली. मी तिच्याशेजारी खाली बसले. तिथे, चादरीच्या आत, तिने मला सांगितलं. फोनवर बाबाला काही बोलता येत नाही. पत्रात येतं. पत्रात बाबा तिच्या तोफांबद्दल लिहितो, ओढ्याबद्दल लिहितो, क्रेनवाल्या काकाबद्दल लिहितो. मग मला विचारलं, की लढाई संपल्यावर बाबा कशाबद्दल लिहिणार? मी म्हटलं, इतर खूप गोष्टी असतात. तर म्हणाली, मग लढाई नव्हती तेव्हा का नाही लिहिलं?

मी आठवून पाहिलं. मागचं पूर्ण वर्ष तू तिथेच होतास. एकही पत्र नाही, दादा. फोन केलेस. वस्तू पाठवल्यास. पत्र नाही.

आता कळलं ना, तुझे शिपाई झाकणातून का उठतात ते? तुला हवं तिने जिंकावं आणि मग ऐकावं. तिला माहीत आहे की ती जिंकली की पत्रं बंद. तू घोडेस्वार मरायला पाठवतोस, ती त्यांना उठवते. असं तुमचं उन्हाळ्यापर्यंत चालेल, आणि उन्हाळ्यात तिला दुसरीकडून कुठून तरी कळेल की बाबा येत नाही.

हे माझ्याच्याने होणार नाही. खेळातली लबाडी एक वेळ सोडून देईन, पण मनात ही गोष्ट ठेवून तिच्यासमोर तुझी चाल हसतमुखाने वाचणं मला जमत नाही. काल वाचताना माझा आवाज बदलला, तर तिने लगेच वर बघितलं. तिला पत्र लिही. तिच्या नावाने. मोठ्या अक्षरांत. तिला जोडाक्षरं सोडून सगळं वाचता येतं. दोन वर्षं लागतील हे लिही, मधे सुट्टीवर कधी येशील ते लिही, आणि लढाई असो नसो, पत्र येत राहील हेही लिही. मी वाट बघते आहे.

आपुलकी कमी झालेली नाही. सहनशक्ती झाली आहे.

धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

तुझ्या पत्रावर तीन दिवस लिहायला बसलो. भिंगरीच्या नावाचा कागद समोर घेतला. ‘चि. भिंगरीस’ लिहिलं आणि पुढे हात चालेना. चाल लिहायची असली की भराभर लिहून होतं, तोफ इकडे, पायदळ तिकडे. पण ‘मी येत नाही’ कसं लिहायचं? क्रेनवाला म्हणाला, सोपं लिही. मी म्हटलं, तू लिही. तो उठून बाहेर गेला.

मी रोज लोखंडाला लोखंड जोडतो गं. शब्दांचं काम मला कधी जमलं नाही. आपल्या घरात ते पहिल्यापासून तुझं. आजवर कुणाला काही समजावायचं झालं की आपण सगळे तुझ्याकडेच बघत आलो.

म्हणून शेवटची चाल पाठवतो. तिला ही मोठ्याने वाचून दाखव:

“निळ्या सैन्याचा सेनापती लाल सैन्याच्या राणीला शरण येत आहे. झेंडा तुमचा, टेकडी तुमची, सगळे शिपाई तुमचे. तुम्ही जिंकलात. मानाचा मुजरा.”

तिला नाचू दे दोन-चार दिवस. मग तू सांग. तू शिकलेली आहेस, तुला बरोबर शब्द सापडतील. तुझ्याइतकं नीट कुणी सांगणार नाही, मी तर नाहीच.

मी फार थकलो आहे, असं समज. तुझ्या वहिनीला वेगळं लिहीत नाही, हेच तिला दाखव.

या भावाला सांभाळून घेणं अजून थोडं चालू ठेव.

दादा

२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी शरणागती मी वाचली नाही. म्हणजे तिला वाचून दाखवली नाही. सुरुवात करणार होते. भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती, पुठ्ठ्याचा हात तयार ठेवून. मी ‘निळ्या सैन्याचा सेनापती’ म्हटलं आणि थांबले. तिने विचारलं, तो पुढे जातोय की मागे? मी पुढची ओळ पुन्हा मनात वाचली. मग तिने विचारलं, बाबा कंटाळला का?

तू म्हणालास, मला बरोबर शब्द सापडतील. नाही सापडले. घरातल्यांना वाटतं, पदवीबरोबर मला शब्दांची एक पेटी मिळाली आहे आणि कुणालाही काही जड सांगायचं असलं की मी ती उघडायची. तसली पेटी नाही, दादा. मलाही घाम फुटतो. मी पत्राची घडी घातली आणि सरळ सांगितलं, की बाबा कंटाळलेला नाही, पण तो उन्हाळ्यात येत नाही, त्याला दुसरा पूल बांधायचाय, त्याला दोन वर्षं लागतील. मधे सुट्टीवर येईल, पण कधी, ते मला माहीत नाही. एवढंच. गोड काही जोडलं नाही.

ती रडली नाही. तिने चादरीचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि ओढलं. टेकड्या, ओढा, झेंडे, लाल-निळे सगळे खाली. त्या नटबोल्टांचा असा आवाज झाला, की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. मला वाटलं आता दोघींनाही बोलणी बसणार. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. पदर खोचून फरशीवर बसली आणि लाल एका बाजूला, निळे एका बाजूला असे वेगळे करायला लागली. मग भिंगरीही खाली उतरली. एका शिपायाची टोपी निखळली होती, ती तिने दातांनी बसवायचा प्रयत्न केला. मग ती आईच्या कुशीत शिरून रडली, आणि चांगली रडली. तुझ्यावर रागावून बरंच काही बोलली. ते मी लिहीत नाही, तिला हवं तर ती लिहील.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, की लढाई संपली असं मी बाबाला कळवणार का? मी म्हटलं, मी आता काहीच कळवणार नाही. तुझ्या बाबाला तू लिही. ती म्हणाली, मला जोडाक्षरं येत नाहीत. मी म्हटलं, जोडाक्षरांशिवायही लिहिता येतं. तिचा कागद सोबत आहे. मी एकही अक्षर सुधारलेलं नाही. शाळेत हातात लाल पेन असल्याशिवाय मला चैन पडत नाही, त्यामुळे याचं श्रेय मला जरूर दे. तिने असं लिहिलंय:

“बाबा तू खोट बोललास. पूल झाला की येतो मनालास. मी रागावले आहे. तू हरला नाहीस. मी तुला हरू देनार नाही. तुझे सगळे निळे पाठवले आहेत ते तुझे तू सांभाळ. सेनापती दिला नाही. तो माझा कैदी आहे. तू मला पतर पाठवलस की मी तयाला जेवायला देईन. नाही पाठवलस तर नाही. आतयाला पाठवलेल चालनार नाही. भिंगरी.”

कैदी धरण्याचा नियम तुझ्या कागदात नाही, हे मला दिसलं. मी तो तसाच चालू दिला. सेनापती सध्या खिडकीत, वहिनीच्या टाचण्यांच्या डबीत आहे. काल सकाळपासून उपाशी आहे.

मी तिला विचारलं, की निळे तिकडे आणि लाल इकडे, मग लढाई होणार कशी? तिने सांगितलं की आता अंतर खूप झालंय, विती मोजत मोजत यायला त्यांना फार दिवस लागतील, आणि प्रत्येक चालीला तुला लिहावं लागेल. बोलताना तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा उजेड आला. पण तू लिहिणार का, हे तिने मला विचारलं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, दादा.

तेव्हा मी न्यायाधीशाचं काम सोडलं आहे. तुझी कुठलीही चाल यापुढे मी वाचणार नाही, हलवणार नाही, समजावणार नाही. मला लिहिलेल्या पत्रात भिंगरीसाठी दोन ओळी घातल्यास तर त्या तशाच पडून राहतील. पोस्टमनला शाळेत जाताना थांबवून सांगितलं आहे, की भिंगरीच्या नावाचं पत्र आलं तर ते मला किंवा वहिनीला न देता तिच्याच हातात द्यायचं. तो हसला, पण हो म्हणाला. निळं सैन्य वहिनीने कापडाच्या तुकड्यांत एकेक करून गुंडाळलं, मी खोक्यात भरलं, भिंगरीने दोरी बांधायला बोट धरलं, आणि काल आम्ही तिघींनी जाऊन ते पार्सल तुझ्या पत्त्यावर पाठवून दिलं.

तुझी,
धाकटी